गाण्यातून काढून टाकलेली व्हितोरिन

झेयतूनच्या चौकात बटणं, फिती, चेना आणि सुया विकणारी व्हितोरिन गाल्देस आपल्या नवऱ्याला मूर्ख समजत होती, आणि ही गोष्ट तिने त्याच्यापासून कधी लपवून ठेवली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर लपवण्यासारखं उरतं काय?

नवरा, विस्तिन, पाणीखात्यात मीटर वाचायचा. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे आणि संध्याकाळी गाणी लिहायची. साधी गाणी नव्हेत. युरोपच्या त्या मोठ्या स्पर्धेसाठी लिहायची, जी दर मे महिन्यात टीव्हीवर लागते आणि जिच्यापायी आमचा हा तळहाताएवढा बेटावरचा देश हिवाळ्यापासूनच वेडा होतो. नळाला पाणी खारट येतं, समुद्राकाठ सिमेंटने बुजत आला, रस्त्यात खड्डा नाही तर खड्ड्यात रस्ता आहे. पण युरोपने एकदा आपल्याला पहिलं म्हटलं की सगळं भरून पावलं, असं मानणारी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. त्यातला पहिल्या रांगेतला माणूस व्हितोरिनच्या घरात, तिच्या हातची सशाची आमटी खाऊन राहत होता.

विस्तिनच्या गाण्यांची नुसती नावंच ऐका. 'युरोपा, ऐक ना'. 'शांततेचं विमान'. 'हात द्या हातात'. दरवर्षी एक गाणं निवडसमितीकडे जायचं आणि दरवर्षी नाकारलं जायचं. मग जे गाणं निवडलं जाई त्याला विस्तिन मेपर्यंत शिव्या देई, आणि मेमध्ये ते आपटलं की पावाला तेल आणि टोमॅटो चोळताना शीळ घाली.

"दुसऱ्याचं नाक कापलं की तुझं वाढतं का रे?" व्हितोरिन विचारायची.

"तुला कलेतलं काय कळतं?"

"मला बटणातलं कळतं. तुझ्या गाण्याला एकही बटण जागेवर नसतं."

जिभेची ही धार तिला बापाकडून आली होती. बाप कार्मनू. गावात सगळे त्याला 'मिरी' म्हणत. रविवारी दुपारी दारूच्या गुत्त्यात गिटारी लागल्या की तो समोरच्या गायकाशी सवालजवाब करायचा. एकाने उभ्या-उभ्या चार ओळी रचायच्या, दुसऱ्याने त्याच यमकात त्याचे वाभाडे काढायचे. मिरीने ज्याला धरलं तो महिनाभर गावात मान वर करून चालत नसे. विस्तिनला मात्र हे गाणं गावंढळ वाटे. दगडफोड्यांची आणि कोळ्यांची करमणूक, म्हणे. त्याच्या डोळ्यांपुढे नेहमी चकाकतं व्यासपीठ आणि धूर असायचा.

एक गोष्ट मात्र खरी. आयुष्यात एकदाच विस्तिनने बरं काहीतरी लिहिलं होतं, आणि ते व्हितोरिनवर लिहिलं होतं. तेव्हा तो नोकरीला नुकताच लागलेला पोरगा होता. मिरीच्या घराचं मीटर तो वाजवीपेक्षा फारच वेळा वाचायला येऊ लागला. शेवटी मिरीने दारातच विचारलं, "काय रे, आमच्याकडे बोटी धुतात की काय?" व्हितोरिन वर लाकडी सज्ज्यात बसून शेंगा सोलत होती. तिने मुद्दाम सालं खाली टाकली. पुढच्या खेपेला पोरगा एक कागद देऊन गेला. त्यावर लिहिलं होतं:

शेंगा सोलत बसलीस सज्ज्यात, व्हितोरिन गं,
सालं पडली टोपीत माझ्या;
टोपी अजून झटकली नाही,
राहू दे म्हटलं खुणा तुझ्या.

अशी आणखी दोन कडवी होती. चालही त्यानेच लावली होती, साधी, पाळण्याला झोका द्यावा तशी. मिरीने ती ऐकून नाक मुरडलं, पण नाही म्हणाला नाही. "ओळी पांगळ्या आहेत," तो मुलीला म्हणाला, "पण खोटं बोलत नाहीये गाढव." त्या घरात एवढं प्रशस्तिपत्र दुसऱ्या कुणाला मिळालेलं नव्हतं.

व्हितोरिन हे गाणं कुणासमोर म्हणत नसे. दुकानात एकटी असली, बटणं आकाराप्रमाणे लावत बसली, की ओठातल्या ओठात चालायचं. कुणी आलं की बंद.

एका हिवाळ्यात विस्तिनला फ्लू झाला. मुदत संपत आली आणि युरोपसाठी नवं काही सुचेना, तेव्हा त्याने हेच जुनं गाणं पाठवून दिलं. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आणि ते निवडलं गेलं.

बातमी आली त्या दिवशी बँडवाल्यांच्या क्लबाने भर दुपारी फटाके उडवले. विस्तिन चौकात उभा राहून जो दिसेल त्याच्या गळ्यात पडत होता. ज्या पाववाल्याशी त्याचं वर्षभर भांडण होतं, त्याच्याही. व्हितोरिन दुकानाच्या दारात उभी होती. रागवावं की काय करावं, तिला कळेना. पण खोटं कशाला बोला, आतून तिला गुदगुल्या होत होत्या. आपलं नाव, आपल्या शेंगा, आपला सज्जा, आपल्या भाषेत, सगळ्या युरोपसमोर! त्या रात्री तिने विस्तिनला दोनदा वाढलं आणि मूर्ख म्हणायचं विसरली.

हे सुख फार टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात विस्तिन समितीच्या बैठकीहून परतला तो जरा तिरका-तिरका चालत. समितीचा प्रमुख रेने नावाचा एक गृहस्थ होता. उन्हाळ्यातही गळ्यात रेशमी रुमाल बांधणारा. त्याला एक बारीकशी सूचना करायची होती.

"नाव बदलायचं म्हणतात," विस्तिन बूट काढता काढता म्हणाला. "व्हितोरिन म्हटलं की आजीबाई डोळ्यांपुढे येते. त्याजागी व्हॅलेंटिना."

"ही व्हॅलेंटिना कोण?"

"कुणी नाही गं. सोयीसाठी."

"सोयीसाठीच ठेवतात पुरुष अशा बायका," व्हितोरिन म्हणाली आणि भांडी जरा जोरातच आपटली.

नंतर शेंगा गेल्या. युरोपला शेंगा कळत नाहीत, असं रेनेचं म्हणणं पडलं.

"मग तिकडे खातात तरी काय?"

"तारे घातलेत शेंगांच्या जागी. ती आकाशातून तारे टाकते, असं."

"आणि ते तुझ्या टोपीत पडतात? पेटेल की रे टोपी."

"टोपीही काढली," विस्तिन हळूच म्हणाला. "आता हृदयात पडतात."

त्यानंतर स्टॉकहोमहून दोन जण आले. हे लोक म्हणे देशोदेशी फिरून गाणी दुरुस्त करतात, जसा पूर्वी कल्हईवाला दारोदार फिरायचा. फरक इतकाच की कल्हईवाला भांडं परत द्यायचा. त्या दोघांनी चाल ऐकली, एकमेकांकडे पाहिलं आणि फार सुंदर आहे म्हणाले. मग ती बदलली. गाणं म्हणायला निवडलेली पोरगी डॅनिका स्लीमा नावाच्या श्रीमंत गावची. तिकडे घराघरात इंग्रजी चालतं आणि आपली भाषा मोलकरणीशी बोलण्यापुरती येते. तिच्या तोंडी आपले उच्चार बसेनात, म्हणून सगळं गाणं इंग्रजीत झालं. इंग्रजीत सज्जाही बसेना, म्हणून त्याचा झाला अंतराळ. शेवटी नाव पडलं 'सुपरनोव्हा'.

मूळ गाण्यातलं काय राहिलं, हे व्हितोरिनने मुद्दाम विचारलं. विस्तिनने डोकं खाजवलं. 'व्हितोरिन गं' मधला तो 'गं' होता ना, तो लांबवून 'ओ-ओ-ओ' केला होता. तेवढं त्याचं.

"पण नाव माझंच लागणार आहे," तो म्हणाला. "पडद्यावर. सगळ्या युरोपात."

"हत्ती गेला, शेपूट राहिलं, आणि तू शेपटाला धरून मिरवणार."

"तुला समजत नाही. हे जगासाठी आहे."

व्हितोरिन हातातली सुई खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं त्यात टोमणा नव्हता. त्यामुळे विस्तिन आणखीच गांगरला.

"विस्तिन, तुला माझी लाज वाटते का रे?"

"छे! लाज कसली? तू काय त्यात..."

"मी त्यात नाहीच आहे. तेच म्हणते. एकदाही म्हणाला नाहीस त्यांना, की बाबांनो, एवढं राहू द्या? सगळं नव्हे. एक शेंग तरी?"

विस्तिन म्हणाला नव्हता. म्हणालो असतो तर दुसऱ्याचं गाणं घेतलं असतं, असं काहीसं तो पुटपुटला. व्हितोरिनने सुई उचलली. त्या दिवसापासून दुकानात ती गुणगुणेनाशी झाली. ठरवून नव्हे. चाल ओठांवर यायची, आणि पाठोपाठ त्या दुरुस्त केलेल्या चालीचा ठोका यायचा. मग ती तोंड मिटायची.

एप्रिलमध्ये स्वतः डॅनिका दुकानात आली. तिच्या पोशाखावर हजारो चमक्या होत्या आणि त्यातल्या काही गळायला लागल्या होत्या. पोरीची नखं इतकी लांब की तिला चमकी उचलता येईना. व्हितोरिनने तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. पण पोरगी स्टुलावर बसली आणि बिचकत म्हणाली, "मावशी, एक विचारू? हे गाणं कशावर आहे?"

"तू गातेस, तुला माहीत नाही?"

"ते म्हणतात, ते शक्तीवर आहे. एकदा म्हणाले स्वातंत्र्यावर. मग कुणीतरी सांगितलं की तुमच्यावर आहे."

व्हितोरिनने तिला सज्जा, शेंगा, टोपी सगळं सांगितलं. बाप दारात काय म्हणाला तेही सांगितलं. डॅनिका खळखळून हसली.

"हे तर जास्त छान आहे," ती म्हणाली.

"मग हेच गा की."

"मला कोण विचारतंय, मावशी? मला काचेच्या गोळ्यात उभं करणार आहेत. गोळा फुटेपर्यंत हलायचंही नाही, असं सांगितलंय."

व्हितोरिनने चमक्या शिवून दिल्या, दुहेरी दोऱ्याने. गोळ्यात कोंडलेल्या माणसावर काय रागवायचं? पण पोरगी गेल्यावर दुकानात आलेल्या शेजारीण जूझाला ती म्हणाली, "देशाने एक गाणं पाठवायचं ठरवलं. गाणाऱ्या पोरीला ठाऊक नाही काय गाते, लिहिणाऱ्याला ठाऊक नाही काय लिहिलं. आणि हे निघालेत युरोपला काहीतरी सांगायला."

मे आला. विस्तिन पाठीवर देशाचं नाव छापलेलं जाकीट घालून, ज्या शहरात स्पर्धा होती तिकडे उत्तरेला गेला. व्हितोरिनलाही चल म्हणाला होता. ती म्हणाली, "माझं तिथे काय काम? व्हॅलेंटिनाला ने."

अंतिम फेरीच्या दिवशी दुपारी टीव्हीची गाडी चौकात आली. तरतरीत, केसांना जेल लावलेला एक पोरगा ध्वनिक्षेपक घेऊन दुकानात शिरला. मागे कॅमेरा, त्यामागे अर्धं गाव. जूझा पुढे घुसून कॅमेऱ्याला हात करत होती. कार्यक्रम थेट चालला होता. देशात प्रत्येक घरी, प्रत्येक चहाच्या टपरीत तोच लावलेला.

"बाई, आज तुमच्यावर लिहिलेलं गाणं अख्खा युरोप ऐकणार! काय वाटतंय?"

"कुठलं गाणं?" व्हितोरिन म्हणाली.

पोरगा हसला. त्याला वाटलं बाई लाजते आहे. "सुपरनोव्हा! तुमच्या यजमानांनी तरुणपणी..."

"त्यात मी नाही, बाळा. आधी माझं नाव काढलं. मग शेंगा काढल्या, टोपी काढली, सज्जा काढला, भाषा काढली. आता तिथे कोण उभी आहे, मला माहीत नाही. स्टॉकहोमच्या त्या दोघांना विचार, त्यांच्या ओळखीची कुणी असेल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पोराच्या कपाळावर घाम आला. "पण... देश जिंकावा असं तर तुम्हाला वाटतच असेल ना?"

"देश आहे कुठे त्यात? तोही काढलाच की." आणि मग ती वळून जूझाला म्हणाली, "तुला पांढरी चेन हवी होती ना? लांबी सांग."

तासाभरात विस्तिनचा फोन आला. तिकडून तो असा ओरडत होता की जूझाला दुकानाच्या दारात ऐकू जात होतं. "तू देशाची अब्रू घालवलीस! रेनेसाहेबांना चक्कर आली! इथे सगळे मला विचारतायत!"

"काय विचारतायत?"

"की ते खरं आहे का!"

"मग? काय सांगितलंस?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका व्हितोरिनच्या घरी जमल्या. भट्टीतून गरम पास्तिझी, म्हणजे सारण भरलेल्या खुसखुशीत करंज्या, आणल्या होत्या, एक परात चीजच्या, एक वाटाण्याच्या. डॅनिका काचेच्या गोळ्यात उभी होती. चंदेरी कपड्यातली चार माणसं तिच्याभोवती उगाच गुडघे टेकत होती. धूर इतका की एकदा पोरगीच दिसेनाशी झाली. गोळा वेळेआधीच फुटला आणि एक चंदेरी माणूस दचकला. "मेली बिचारी किती घाबरली आहे," जूझा म्हणाली. 'ओ-ओ-ओ' आलं तेव्हा सगळ्या बायकांनी व्हितोरिनकडे पाहिलं. ती पास्तिझी खात होती. एकही चमकी गळली नाही, तेवढं तिने बघून घेतलं.

गुण यायला लागले, म्हणजे यायला लागले नाहीत. देशामागून देश हसत-हसत आपले गुण वाचत गेला आणि आमचं नाव कुणाच्याच तोंडी येईना. शेवटी शेवटून दुसरे आलो. शेवटच्या नंबरावर जो देश आला त्याच्या गायकाचा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून कारणांचा बाजार भरला. शेजारी देश एकमेकांनाच गुण देतात. आपली पाळी फार लवकर आली. मोठ्या देशांना आपण बघवत नाही, जणू मोठ्या देशांना सकाळी उठून आमचा हेवा करण्यावाचून दुसरं काम नाही. आणि या सगळ्यांहून सोपं कारण म्हणजे व्हितोरिन. भरल्या दिवशी अभद्र बोलली. सोमवारी सकाळी तिच्या दुकानाच्या फळीवर कुणीतरी रंगाने 'देशद्रोही' लिहून ठेवलं होतं. ते अशुद्ध लिहिलं होतं. व्हितोरिनने खडू घेऊन वेलांटी दुरुस्त केली आणि दुकान उघडलं. काही बायका यायच्या बंद झाल्या. पण बटण तुटल्यावर माणूस किती दिवस देशप्रेमावर काढणार? हळूहळू परतल्या.

विस्तिन परत आला तो तोंड फुगवून. घरात शिरला, पण बोलला नाही. दिवाणखान्यातल्या कोचावर झोपू लागला आणि जेवायला बहिणीकडे जाऊ लागला. बहिणीचा स्वयंपाक असा, की ही शिक्षा नक्की कुणाला होते आहे, असा व्हितोरिनला प्रश्न पडे. गावात मात्र तो छापील जाकीट घालून फिरत होता. जो थांबेल त्याला सांगत होता की परीक्षकांना गाणं फार आवडलं होतं, लोकांनाच झेपलं नाही.

या बढाया गुत्त्यात पोहोचल्या. तिथे आता फ्रेडू नावाचा जाडजूड दगडफोड्या मिरीच्या गादीवर बसला होता. एका रविवारी त्याने गिटार लावायला सांगितली आणि ओळी सोडल्या:

विस्तिन निघाला युरोप जिंकाया, बायको घेतली गाण्यात;
वाटेत टाकली ओझं म्हणून, परतला धुपाटणं हातात!

आठवडाभरात ते गावभर झालं, मग बेटभर. पाववाला गाडीचा भोंगा वाजवून म्हणू लागला. मार्साश्लॉकचे कोळी जाळी ओढताना म्हणू लागले. पाणीखात्यातही म्हणू लागले. जन्मभर विस्तिनला वाटायचं, आपली ओळ लोकांच्या ओठावर असावी. आता ओठाओठावर त्याचं नाव होतं आणि बेट सोडून पळायला बोट नव्हती.

शेवटी एका रविवारी, दुपारची प्रार्थना सुटल्यावर, जूझा धापा टाकत दुकानाच्या मागच्या खोलीत आली. "अगं ऊठ! तुझा नवरा गुत्त्यात गेलाय. फ्रेडूला म्हणतो, गाणं बंद कर नाहीतर कोर्टात खेचीन."

"मग?"

"फ्रेडू म्हणाला, कोर्ट इथेच आहे, चार ओळीत बोल. आता तो उभा आहे मधोमध, आणि सगळे हसतायत."

व्हितोरिन सावकाश निघाली. आपल्याला मजा येईल, असं तिला वाटलं होतं. पण गुत्त्याच्या दारात पोहोचली आणि आत पाहिलं तर मजा आली नाही. गिटारी घुमत होत्या, माणसं टेबलं बडवत होती. मध्ये ते छापील जाकीट घालून विस्तिन उभा होता, तोंड उघडं, हात अर्धवट वर. आयुष्यभर गाणी लिहिलेल्या माणसाला चार ओळी सुचत नव्हत्या. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता, जाळ्यातल्या लांपुकी माशासारखे. फ्रेडू पोट धरून हसत होता.

व्हितोरिनला राग आला. नवऱ्याची दया वगैरे नव्हे, तिला आपली वस्तू दुसऱ्याने वापरल्याचा राग आला. या माणसाला मूर्ख ठरवायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं, आणि हा ढोल्या फुकटात हात मारून घेत होता. ती दारातच उभी राहिली, गिटारवाल्याकडे पाहून मान हलवली, आणि बापाच्या सुरात म्हणाली:

फ्रेडू, तुझी बायको पळाली ऐकून तुझी गाणी;
माझा मूर्ख तरी लिहीत होता माझ्यासाठी कहाणी.
त्याला हसायचा हक्क माझा, लग्नात घेतला लिहून;
तुझा हक्क एवढाच, मित्रा, पी आणि जा निघून!

असा गलका उठला की दारावरची कबुतरं उडाली. फ्रेडूची बायको खरंच पळाली होती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यातला एक म्हातारा टेबलावर मूठ आपटून ओरडला, "मिरी! मिरी बोलली!" फ्रेडूने दोनदा तोंड उघडलं, यमक शोधलं, आणि शेवटी टोपी काढून तिच्यापुढे वाकला. त्या खेळाचा रिवाज तसाच आहे, हरलेल्याने वाकायचं. युरोपात ही पद्धत नसावी.

व्हितोरिनने नवऱ्याला बाहीला धरून बाहेर काढलं. दोघं उन्हातून घराकडे निघाले. चर्च मागे पडलं.

"सगळ्यांसमोर मला मूर्ख म्हणालीस," विस्तिन म्हणाला.

"वृत्तात बसत होतं."

आणखी थोडं चालल्यावर त्याने घसा खाकरला. "दुसऱ्या ओळीत ते 'कहाणी' जरा जुनाट वाटतं. त्याजागी जर..."

व्हितोरिन थांबली आणि तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. विस्तिनने वाक्य गिळलं. बऱ्याच वेळाने, दारात किल्ली फिरवत असताना, त्याच्या तोंडून निघालं, "म्हणायला हवं होतं मी त्यांना. एवढं राहू द्या म्हणून." त्या दिवशी तो घरी जेवला, आणि रात्री त्याने जाकीट खुंटीवर न लावता पोत्यात टाकलं.

पुढच्या हिवाळ्यात फोन वाजला. रेने होता. आवाजात साखर. या वर्षी वारं बदललंय, तो म्हणाला. आदल्या वर्षी जो देश जिंकला त्याने आपल्या खेड्यातलं, आपल्या भाषेतलं गाणं गायलं होतं. तेव्हा आता सगळ्यांना मातीतलं हवंय. ते जुनं गाणं, शेंगांचं, ते मूळ रूपात देता का? नाव, सज्जा, सगळं राहू द्या. उलट थोडी माती वाढवूच. गाढव वगैरे आणता येईल व्यासपीठावर.

व्हितोरिन समोर बसून मोजे रफू करत होती. विस्तिनच्या तोंडाला पाणी सुटलेलं तिला स्वच्छ दिसलं. कान लाल झाले, पाठ ताठ झाली, डोळ्यांत ती जुनी धुराची चमक आली. बघू तरी हा गडी काय करतो.

विस्तिनने बराच वेळ फोन छातीशी धरला. मग म्हणाला, "ते गाणं हिचं आहे. हिला विचारा." आणि फोन तिच्या हातात दिला.

"नाही," व्हितोरिन फोनमध्ये म्हणाली. "आणि गाढव हवं असेल तर तुमच्याकडे समितीत बरीच आहेत." फोन ठेवून तिने पुन्हा मोजा उचलला.

त्या वर्षी मातीतलं म्हणून दुसरंच कुणाचं तरी गाणं गेलं. त्यात कोळ्याचा वेश केलेली, कधी होडीत न बसलेली माणसं होती. गल्लीतल्या बायका पुन्हा व्हितोरिनकडे जमल्या. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही गाणं चुकवलं नाही. प्रत्येकाला मनसोक्त नावं ठेवली, कुणाच्या बाह्यांना, कुणाच्या दातांना, कुणाच्या देशाला. इतकी मजा जूझाला स्वतःच्या मुलीच्या लग्नातही आली नव्हती. विस्तिन त्या संध्याकाळी मार्साश्लॉकच्या धक्क्यावर गळ टाकून बसला होता.

सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "कोण जिंकलं?"

"कुणीतरी उंच होता," व्हितोरिन म्हणाली. "ऊठ, दुकानाचं कुलूप अडकतंय, जरा तेल घाल त्याला."

विस्तिन तेलाची बाटली घेऊन खाली गेला.